वकीलकाकांनी घडवलेला तह

वकीलकाका वकील नव्हते, हे आम्हाला कळायला बराच काळ गेला. तोवर माझ्या नवऱ्याने, आदित्यने, आपल्या व्हिसाची सगळी कहाणी त्यांना दोनदा सांगितली होती.

चूक आमची म्हणता येणार नाही. कॅरीतलं ते घर भाड्याने घ्यायचं म्हणून बघायला गेलो, तेव्हा दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या मिशांच्या, शनिवारी सकाळी कडक टाय लावलेल्या गोऱ्या आजोबांनी. त्यांनी आमची नावं विचारली, आडनाव ऐकून जरा थांबले, टाचेला टाच जुळवली आणि चक्क मराठीत म्हणाले, "आपले स्वागत असो. मी जर्मन देशाचा वकील होतो. सांप्रत निवृत्त आहे."

नॉर्थ कॅरोलिनातल्या गल्लीच्या टोकाला, गवत कापायच्या मशीनच्या घरघरीत, माणसाला 'सांप्रत' ऐकू येतं तेव्हा त्याला आधी शंका येते ती स्वतःच्या कानांची. आदित्यला वाटलं, ऑफिसमधल्या कुणीतरी चेष्टा रचली आहे. तो झुडपांमागे कुणी लपलंय का ते बघायला लागला. मी मात्र त्या सगळ्यातून 'वकील' एवढा एकच शब्द पकडला. भिंतीपलीकडे वकील राहतोय, तोही मराठी बोलणारा, आणि आमचं ग्रीन कार्ड रांगेत. आम्ही घर त्याच दिवशी नक्की केलं.

ते जोडघर होतं. मध्ये एक भिंत, उजवीकडे आम्ही, डावीकडे ते आणि त्यांची बायको लॉरेन. मागच्या बाजूला दोन्ही घरांना मिळून एकच लांब लाकडी डेक होता. त्या डेकवर बसून आदित्य त्यांना आपलं प्रकरण सांगायचा. ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकायचे, मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत आणि शेवटी म्हणायचे, "धीर धरावा."

आदित्य भारावून गेला. म्हणाला, याला म्हणतात वकील, उगाच आशा लावत नाही. त्याने ऑफिसमध्ये सांगितलं, मग महाराष्ट्र मंडळातली दोन-तीन कुटुंबंही फायली घेऊन येऊन गेली. सगळ्यांना तोच सल्ला मिळाला. फक्त एका जोडप्याचं ऐकल्यावर ते बराच वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "आपण आणखी धीर धरावा."

हे सगळं थांबवलं लॉरेनने. ती लिंबू सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर टेबलभर कुणाचीतरी कागदपत्रं पसरलेली. हे काय चाललंय, असं तिने विचारलं. आदित्यने सांगितलं, तशी ती इतकी हसली की तिला ट्रे खाली ठेवावा लागला. हा माणूस उभ्या जन्मात वकील नव्हता, ती म्हणाली, हा राजदूत होता, आणि गेली तेरा-चौदा वर्षं तोही नाही.

वकीलकाकांना यात आपलं काय चुकलं ते समजेना. ते आत गेले आणि एक पुस्तक घेऊन आले. इंग्रज साहेबांना मराठी शिकवण्यासाठी कुण्या पाद्र्याने फार पूर्वी लिहिलेलं. त्यात परक्या दरबारी नेमलेल्या माणसासाठी शब्द दिला होता 'वकील'. पेशव्यांच्या काळात तसंच म्हणायचे. पुस्तकाचं काहीच चुकलं नव्हतं, त्याला उशीर झाला होता एवढंच. आम्ही शरमलो, पण तोंडात बसलेलं 'वकीलकाका' काही गेलं नाही, आणि त्यांनाही ते आवडलं. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. आपल्याला हा दर्जा कोणत्या अधिकारात मिळाला, असं मात्र त्यांनी एकदा गंभीरपणे विचारलं.

त्यांच्या मराठीची गोष्ट अशी. तरुणपणी परराष्ट्र खात्याने त्यांना सांगितलं की तुझी पहिली नेमणूक मुंबईला. सोबतचे लोक म्हणाले, तिथे इंग्रजीत भागतं. पण यांचं म्हणणं, कुणाच्या घरी जायचं तर निदान उंबऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. ते पुस्तक मिळवून त्यांनी दोन हिवाळे मराठी घोकली. खिडकीबाहेर बर्फ, आत हे 'मी जातो, आम्ही जातो, तू जातोस' म्हणत येरझाऱ्या घालतायत. आणि निघायची वेळ आली तेव्हा खात्याने बेत बदलला आणि यांना प्रशांत महासागरातल्या एका बेटावर पाठवून दिलं. पुढे आयुष्यभर ते बेटांवर, वाळवंटांत, एकदा तर कुठल्याशा बर्फाळ बंदरात फिरले, पण मुंबईच्या वाटेला काही गेले नाहीत. मराठी त्यांच्याजवळ तशीच राहिली, कोरी करकरीत, न वापरलेली. हे ते कुरकुर न करता सांगायचे. आम्ही पहिल्यांदा घर बघून गेलो, तेव्हा ते लॉरेनला म्हणाले होते म्हणे, "प्रतीक्षा संपली." तिला अर्थातच काही कळलं नव्हतं.

त्या पुस्तकातली वाक्यं घोड्यावरून हिंडणाऱ्या साहेबासाठी होती. 'माझा घोडा लंगडतो.' 'या गावात चोर किती?' 'आचारी खोटे बोलतो.' वकीलकाकांनी ती वाया जाऊ दिली नाहीत. त्यांच्या गाडीचं टायर पंक्चर झालं तेव्हा त्यांनी आमचं दार वाजवून आदित्यला सांगितलं, "गृहस्थ, माझा घोडा लंगडतो." एकदा आम्ही त्यांना देशी रेस्टॉरंटमध्ये नेलं. बिलकूल तिखट नाही अशी खात्री देऊन आणलेली भाजी खाऊन त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी रुमालाने डोळे टिपले, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "आचारी खोटे बोलतो." त्या दिवशी पुस्तक खरोखर उपयोगी पडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मराठीचं हे असं, आणि बाकी सगळं दरबारी. आमच्या डिशवॉशरचा पाइप गळत होता, तो बघायला यायचंय, हे फोनवर सांगायला त्यांना एक मिनिट लागलं असतं. पण दारात पाकीट आलं. त्यात लिहिलं होतं की डाव्या घराचे मालक उजव्या घरातील रहिवाशांप्रती आपला आदर पुनश्च व्यक्त करतात आणि पाइपाबाबत भेटीची वेळ मिळाल्यास स्वतःस धन्य मानतील. त्यांच्याकडे जेवायला गेलं की चौघांसाठीसुद्धा टेबलावर नावांची कार्डं मांडलेली असायची. कुणी कुठे बसायचं हे दर्जानुसार. सुरुवातीला आदित्य त्यांच्या उजव्या हाताला बसायचा आणि मी टोकाला. मला दिवस राहिल्याची बातमी सांगितली, त्यानंतरच्या जेवणाला कार्डं बदलली होती. मी उजव्या हाताला आणि आदित्य फ्रिजला टेकून. त्याने कारण विचारलं तर म्हणाले, अजून न आलेला पाहुणा सर्वांत ज्येष्ठ, आणि त्याचं वाहन त्याच्यानंतर लगेच. आपण वाहन झालो याचा मला राग यायला हवा होता, पण खुर्ची मऊ होती.

लॉरेन त्यांना 'एक्सलन्सी' म्हणायची, पण फक्त कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायचा असला की. ती इथलीच, शाळेत लायब्ररियन होती. ते दोघं भेटले त्याची गोष्ट वकीलकाका प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि ती प्रत्येक वेळी भिंतीकडे बघत बसायची.

त्या पहिल्या बेटावर हे पुढे बऱ्याच वर्षांनी राजदूत म्हणून परत गेले. नव्या राजदूताने तिथल्या राष्ट्रप्रमुखांपुढे जाऊन आपल्या देशाचं नेमणूकपत्र सादर करायचं असतं, तोवर त्याला कुणी राजदूत मानत नाही. हे ठरल्या वेळी काळा लांब कोट, पांढरे हातमोजे घालून हजर झाले, तर राष्ट्रप्रमुख मासे पकडायला गेलेले. मासे लागले होते म्हणून ते परत येईनात. शेवटी यांनाच होडीत घालून तिकडे नेलं. दोन होड्या शेजारी लागल्या. राष्ट्रप्रमुख हाफपँटीत, हातात गळ. यांनी विचार केला, बसल्या बसल्या पत्र देणं हा दोन्ही देशांचा अपमान. ते होडीत उभे राहिले आणि नियमाप्रमाणे कमरेतून वाकले. होडी उलटली. पडता पडता यांनी आधाराला दुसरी होडी धरली, म्हणून तीही उलटली. तिथल्या शाळेत काही वर्षं कामाला आलेली आणि तेव्हा किनाऱ्यावर मुलांना पोहायला शिकवत असलेली एक अमेरिकन बाई धावत पाण्यात शिरली आणि तिने हाताला लागला तो माणूस कॉलर धरून बाहेर ओढला. तो जर्मनीचा राजदूत निघाला. राष्ट्रप्रमुख आपले आपण पोहत आले आणि म्हणाले की नेमणूक मंजूर आहे, पण मासे गेले.

"ही बाई म्हणते की तिने मला निवडले," वकीलकाका शेवटी म्हणायचे. "वास्तविक तिने ओळखीशिवाय मला ओढले."

लॉरेन भिंतीकडे बघत म्हणायची की राष्ट्रप्रमुखाला पोहता येत होतं, तिच्यापुढे निवड अशी नव्हतीच.

आता मुख्य गोष्ट सांगते. माझ्या बाळंतपणाला नागपूरहून माझी आई यायची होती. सासूबाई मिरजेच्या. त्यांनी नंतर यावं असं ठरलं होतं. पण तिकिटं आदित्यने काढली, त्यामुळे दोघी एकाच आठवड्यात उतरल्या. दोघी निवृत्त, आई बँकेतून आणि सासूबाई शाळेतून. दोघींना आपापल्या घरी कुणी उलट विचारलेलं नव्हतं. आणि आमच्याकडे स्वयंपाकघर एक, कुकर एक, आणि थोड्याच दिवसांत बाळही एक.

त्या कधीच भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही म्हणाल तसं," असं दोघी एकमेकींना म्हणायच्या आणि मग प्रत्येकजण आपल्याला हवं तसं करायची. आईच्या वरणात गूळ नाही, सासूबाईंच्या वरणात गूळ हवाच. मग दोन वरणं व्हायची आणि मला दोन्ही वाट्या संपवाव्या लागायच्या. बाळाला मालिशला आईने तिळाचं तेल आणलेलं, सासूबाईंनी घाण्यावरचं खोबरेल. मुलगी झाली, तिला सकाळी एका तेलाने आणि आंघोळीआधी पुन्हा दुसऱ्या तेलाने चोळलं जाई. ती हातातून निसटेल अशी भीती मला सारखी वाटायची.

मग नावाचा प्रश्न आला. आईला रेवती हवं होतं, सासूबाईंना अंबिका. हॉस्पिटलमध्ये नाव विचारलं तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि जागा कोरी सोडली. पोर नुसतीच 'बेबी गर्ल' म्हणून घरी आली. सासूबाई तिला अंबू म्हणून हाक मारायच्या, आई रेवा म्हणायची, आणि मी आपली बाळ बाळ करत होते. इतके दिवस गेले तरी बारसं ठरेना. एका सकाळी आईने आदित्यला बाजूला घेऊन तिकीट अलीकडचं करून मिळतं का ते विचारलं. बारशाला थांबायचं नाही म्हणाली. "तिची आजी आहे की इथे. माझं काय काम पडून राहिलं?" तिने बॅग भरून स्टडीच्या दारात उभी केली. मी तिला थांब म्हणाले, रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पण बॅग काही उघडेना. मी एकुलती एक. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच इतक्या लांब, इतक्या हौसेने आली होती, आणि अशी परत जाणार होती.

त्याच दिवशी उन्हं डेकवर आली तेव्हा काचेच्या सरकत्या दारावर टकटक झाली. वकीलकाका उभे होते. टाय, जाकीट, बूट चकचकीत. मागे लॉरेन, हातात विणकाम.

"बाईसाहेब," ते मला म्हणाले, "भिंतीपलीकडून आवाज येईनासा झाला, म्हणून आलो. या घरात तह झाला पाहिजे."

मी काही बोलायच्या आत त्यांनी व्यवस्था लावली. आदित्यला बाहेर पाठवलं, तो ना धड मुलगा म्हणून वागू शकतो, ना धड जावई म्हणून, असं म्हणून. सासूबाईंना डेकच्या डाव्या टोकाला लॉरेनशेजारी आरामखुर्चीत बसवलं. आई आमच्या स्वयंपाकघरात डिंक तळत होती, तिला तिथेच राहू दिलं. मी बाळाला घेऊन सोफ्यावर. दार उघडं, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येत होतं. दोन्ही पक्षांनी एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त त्यांच्यामार्फत बोलायचं, अशी अट. गेल्या महिनाभरात त्या एकमेकींशी फारसं बोलतच नव्हत्या, त्यामुळे अट दोघींना लगेच मान्य झाली.

ते आधी सासूबाईंकडे गेले. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. आपलं काही म्हणणंच नाही म्हणाल्या, विहीणबाई फार चांगल्या आहेत म्हणाल्या. आणि शेवटी म्हणाल्या, "मला दुसरं काही नको हो. मला फक्त थोडा मान हवा."

वकीलकाकांनी लवून हे स्वीकारलं. हात मागे बांधून, सावकाश, डेकची पूर्ण लांबी चालत ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"विहीणबाईंना दुसरे काही नको," ते आईला म्हणाले. "त्यांना फक्त आपली मान हवी आहे. थोडी."

आईचा झारा कढईवर थांबला.

"काय पाहिजे?"

"मान," वकीलकाका म्हणाले आणि घोटाळा नको म्हणून स्वतःच्या कॉलरकडे बोट दाखवलं.

मी सोफ्यावरून उठायला गेले, पण मांडीवर बाळ झोपलेलं. आईने गॅस बंद केला. आयुष्यभर काउंटरमागे बसून लोकांची बोलणी ऐकलेली बाई, ती बिथरली नाही. झारा ओट्यावर ठेवत ती म्हणाली, "सांगा त्यांना, घेऊन जा म्हणा. तशीही या घरात ती वर करून बघायची सोय नाही राहिली."

वकीलकाका पुन्हा डेकची लांबी चालून गेले.

"त्या मान देण्यास सिद्ध आहेत," त्यांनी सासूबाईंना सांगितलं. "घेऊन जावी, असे म्हणाल्या. मात्र ती वर होत नाही, अशी तक्रार आहे."

सासूबाई गोंधळल्या. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि स्वतःची मान थोडी वाकडी करून दाखवली.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "त्यांची मान धरलीय? मग मला बोलल्या का नाहीत?"

आणि इथे वकीलकाकांच्या हातून तह सुटला, किंवा त्यांनी तो सोडला. सासूबाई उठल्या. येता येता बाळाच्या टोपलीतली खोबरेल तेलाची बाटली त्यांनी उचलली आणि तडक स्वयंपाकघरात शिरल्या. आईला खुर्चीकडे वळवून म्हणाल्या, "बसा इथे. दाखवा बघू."

आईची मान खरंच धरलेली होती. ती स्टडीतल्या सोफा-कम-बेडवर झोपत होती आणि त्याचा मधला दांडा टोचतो हे तिने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती, पण सासूबाईंचा अंगठा नेमका जिथे दुखत होतं तिथे पडला आणि तिच्या तोंडून नुसता 'आई गं' एवढाच आवाज निघाला. ती बसली. पदर सरकवून मान पुढे घातली. सासूबाई रगडत राहिल्या आणि रगडता रगडता म्हणाल्या की त्या सोफ्यावर आजपासून मी झोपते, तुम्ही माझ्या खोलीत या. माझं वजन कमी आहे, मला नाही टोचायचं.

थोड्या वेळाने आई खाली मान घातलेलीच म्हणाली, "मला तर ते म्हणाले, तुम्हाला माझी मान पाहिजे म्हणून."

सासूबाईंचे हात थांबले. "मी म्हटलं, मला मान हवा."

मग आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. सासूबाईंनीही तसंच समजून वाकून बघितलं, आणि मग त्यांनाही आवरेना. तेलाच्या हाताने त्यांनी तोंडावर पदर धरला. दोघी इतक्या हसल्या की बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं, आणि पहिल्यांदाच दोघींपैकी एकही तिला उचलायला दुसरीच्या आधी धावली नाही.

वकीलकाका दारात उभे होते. भिंतीवरच्या तसबिरीतल्या माणसासारखा चेहरा.

चहा झाल्यावर ते म्हणाले की आता दुसरा विषय, नावाचा. तशी हवा पुन्हा गार झाली. आईने चमच्याने चहा ढवळत रेवती म्हटलं, सासूबाईंनी पदर नीट करत अंबिका म्हटलं. मग वकीलकाका उठून उभे राहिले. म्हणाले, दोन्ही नावे थोर आहेत, म्हणून एकही मागे घेता येणार नाही. अशा प्रसंगी तिसऱ्या पक्षाने नाव सुचवण्याचा प्रघात आहे. त्यांच्या आजीचं नाव फार प्राचीन, एका राणीचं होतं, आणि ते या कन्येला मिळालं तर त्यांना धन्य वाटेल. "कुनिगुंडे," ते म्हणाले.

लॉरेनने विणकामात डोकं घातलं.

"कुणी... गुंडे?" सासूबाईंनी विचारलं.

"कुनिगुंडे. लाडाने गुंडी म्हणता येईल."

आईने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी आईकडे बघितलं. त्या नजरेत मिरज आणि नागपूर यांच्यामधलं सगळं अंतर मावलं आणि नाहीसं झालं.

"आमचं ठरलंय आधीच," आई म्हणाली.

"हो, ठरलंय," सासूबाई म्हणाल्या.

काय ठरलं, असं वकीलकाकांनी अदबीने विचारलं. क्षणभर दोघीही अडकल्या. मग कुणीतरी 'सई' म्हणालं आणि दुसरीने "सईच" म्हणून टाकलं. आधी कोण म्हणालं ते मला नीट ऐकू आलं नाही. आज विचारलं तर आई म्हणते सासूबाईंनी सुचवलं, सासूबाई म्हणतात आईने.

आईने बॅग उघडली. बारसं त्याच डेकवर झालं. पाळण्याची दोरी दोघींनी मिळून धरली, आणि वकीलकाकांनी सगळ्या पाहुण्यांना दर्जानुसार रांगेत उभं केलं, सर्वांत पुढे मंडळातलं सगळ्यात लहान पोर. वरण मात्र शेवटपर्यंत दोन प्रकारचंच झालं. तेवढ्यापुरता तह झाला नव्हता.

नंतर एकदा लॉरेनशी बोलताना मी त्या आजीची चौकशी केली. ती म्हणाली, याच्या एका आजीचं नाव अ‍ॅना आणि दुसरीचंही अ‍ॅना. मग मी विचारात पडले. आदित्य एकदा 'ती दही' म्हणाला, तेव्हा याच माणसाने त्याला 'ते दही' म्हणून दुरुस्त केलं होतं. तो 'मान हवा' आणि 'मान हवी' यात घसरेल? मी डेकवर जाऊन त्यांना सरळ विचारलं. ते झाडांकडे बघत राहिले.

"पुस्तकात त्या पानावर डाग होता, बाईसाहेब," ते म्हणाले.

मी पुस्तक मागितलं. ते म्हणाले की कपाटाची किल्ली लॉरेनकडे आहे. लॉरेन म्हणाली, कोणतं कपाट?

सई चालायला लागली तेव्हा ती दोघं कॅरी सोडून अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला गेली. तिथे लॉरेनची बहीण होती, आणि त्यांच्या गुडघ्यांना कोरडी हवा मानवेल असं डॉक्टर म्हणाले होते. जोडघर एका दुसऱ्या कुटुंबाने घेतलं. ते लोक चांगले आहेत, पाइप गळला तर फोन करतात.

मागच्या वर्षी एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना लॉरेनचा फोन आला. वकीलकाकांना मेंदूत छोटासा झटका आला होता. हातपाय ठीक होते, पण त्यांची भाषा गेली होती. इंग्रजी नाही, जर्मन नाही, कुणी काही विचारलं तर ते नुसते बघत राहायचे आणि मग काहीतरी भराभर बोलायचे. डॉक्टरांना वाटलं अर्थहीन बडबड आहे. लॉरेनला तसं वाटेना. तिने फोन त्यांच्या तोंडाशी धरला. पलीकडून स्वच्छ ऐकू आलं, "हे वैद्य सज्जन दिसतात, परंतु यांची भाषा मला समजत नाही."

मी मीटिंगमधून उठून बाहेर गाडीत जाऊन बसले. डॉक्टरांना सांगितलं की ही मराठी आहे आणि बरीच चांगली आहे. त्यांनी विचारलं, ते भारतीय आहेत का. मी म्हटलं, नाही, ते कधी भारतात गेलेलेच नाहीत. त्यावर डॉक्टरांनी भाषेचं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं.

पुढे सगळं मार्गी लागलं. आठवड्याभरात जर्मन परत आली, मग हळूहळू इंग्रजी, आणि आता ते फोनवर तिन्ही भाषांत हवामान सांगतात. पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर इंग्रजीत विचारत होते, मी मराठीत सांगत होते, आणि काकांची मराठी मी इंग्रजीत परत करत होते. आपण कुठे आहात? "अ‍ॅरिझोना प्रांतात. उष्मा फार आहे." डॉक्टरांना ते बरोबर वाटलं. मग त्यांनी विचारलं, शेजारी बसलेल्या या बाई कोण, ते विचारा.

मी विचारलं. ते वळल्यासारखा पलंग करकरला. नंतर ते म्हणाले, "ही माझी पत्नी. तिला सांगावे, भिऊ नये."

मी ते लॉरेनला सांगितलं. तिचा श्वास मला फोनवर ऐकू आला. मग ती तिच्या नेहमीच्या संथ आवाजात म्हणाली की त्याला सांग, मी घाबरलेली नाही, मी सकाळपासून उपाशी आहे.

मी शक्य तितकं त्यांच्या पद्धतीने सांगितलं, "बाईसाहेब भ्यालेल्या नाहीत. त्यांना भूक लागली आहे."

"असे होय," वकीलकाका म्हणाले. "मग वैद्यांना सांगावे, प्रथम भोजन."

डॉक्टरांनी आपले बाकीचे प्रश्न जेवणानंतर विचारले.